सुशीचा दोन आठवड्यांचा प्रयोग: ठाणे-नवी मुंबईकरांसाठी

सुशी म्हणजे व्हिनेगर लावलेल्या भातात मासे किंवा भाजी घालून गुंडाळलेला, तुकडे कापलेला जपानी पदार्थ. दिवसातलं एक जेवण सुशीचं, असे दोन आठवडे काढून बघतो म्हटलं की घरातून पहिला प्रश्न येतो, "कच्चे मासे खाणार?" दुसरा येतो पैशांचा. दोन्ही रास्त आहेत आणि दोन्हींबद्दल पुढे लिहिलं आहे. पण या प्रयोगाचा जीव आहे भातात. मासे-भातावर वाढलेल्या माणसाला आपण जेवताना नेमका किती भात घेतला हे सांगता येत नाही. आमटी उरली म्हणून थोडा भात, भात उरला म्हणून थोडी आमटी, शेवटी ताकभात वेगळा. सुशीत भात आधीच मोजून, दाबून, कापून ताटात येतो. आठ तुकडे म्हणजे आठ तुकडे, पुन्हा वाढून घ्यायची सोयच नाही. माझ्या मते सुशीच्या डाएटचा जो काही गुण येतो, तो निम्म्याहून अधिक या मोजमापाचा असतो. सॅमनमधल्या ओमेगा-३ चं कौतुक खुशाल करावं, पण ते आपल्या बांगड्यात आणि तारलीतही भरपूर असतं आणि त्यासाठी नॉर्वेपर्यंत जावं लागत नाही.

आधी कोणी जपून राहायचं ते सांगते. गरोदर बायका, लहान मुलं, वय झालेली मंडळी, केमोथेरपी किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असलेले आणि यकृताचा आजार असलेले यांनी कच्च्या माशाच्या वाटेला जाऊच नये. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर भाताचं प्रमाण बदललं की साखर वरखाली होते, तेव्हा आधी डॉक्टरांशी बोला. बीपी आणि किडनीवाल्यांसाठी अडचण सोया सॉसमधल्या मिठाची आहे. थायरॉइडचं औषध घेणाऱ्यांनीही विचारून घ्यावं, कारण सुशी जिच्यात गुंडाळतात ती नोरी म्हणजे समुद्री शेवाळ आहे आणि त्यात आयोडीन असतं. गहू चालत नसेल तर सोया सॉसची बाटली उलटून घटक वाचा, बहुतेक सोया सॉसमध्ये गहू असतोच.

आधी वही, मग सुशी

सगळे इथे घाई करतात. शुक्रवारी ठरवलं आणि सोमवारी सुरू, असं केलं तर शेवटी हातात काहीच उरत नाही. तुलना कशाशी करणार? म्हणून पहिला आठवडा नेहमीसारखंच जेवा, फक्त लिहून ठेवा. सकाळी उठल्यावर, काही खायच्या आधी, त्याच काट्यावर वजन. आठवड्यातून एकदा बेंबीच्या रेषेत पोटाचा घेर. दुपारी चारच्या सुमाराला भूक किती लागली, याला शून्य ते पाच असा आकडा. जेवणानंतर डोळे मिटायला लागतात की नाही, हेही. घरात बीपीचं मशीन असेल तर तेही मोजा.

मग दोन आठवडे सुशी, दिवसातलं एकच जेवण आणि शक्यतो रोज तेच. दुपार धरली तर दुपारच. दुसरं जेवण नेहमीचं भाजी-पोळी-आमटीचं ठेवा. सुशीत डाळ नाही, पालेभाजी नाही, चोथा अगदी कमी, त्यामुळे ती कसर दुसऱ्या जेवणात भरून निघायला हवी. दोन्ही वेळा सुशी खाऊन आठवडाभरात पोट साफ होत नाही अशी तक्रार करणारे भेटतात, त्याचं कारण हेच. चौथ्या आठवड्यात पुन्हा नेहमीचं जेवण आणि वही चालूच.

या काळात बाकी काही बदलू नका. त्याच आठवड्यात येऊरला किंवा पाम बीच रोडला चालायला सुरुवात केलीत, तर उतरलेल्या किलोचं श्रेय कुणाला द्यायचं?

मुहूर्तही बघून घ्या. घरात श्रावण पाळत असाल किंवा सोमवार, गुरुवार, संकष्टीला मासे नसतील, तर त्या दिवसांना काकडी, अव्होकाडो, टोफूची सुशी आधीच धरून ठेवा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते आणि बाजारात बर्फातला माल जास्त दिसतो. गणपतीत तर असले प्रयोग करूच नयेत, मोदकांपुढे कोणाचंच डाएट टिकत नाही. मला विचाराल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सगळ्यात सोयीचा काळ. हवा बरी असते, मासळी चांगली मिळते आणि डबा दुपारपर्यंत नीट राहतो.

भात

पैशाचं उत्तर इथे आहे: सुशी घरी करा. रोज मॉलमध्ये खायची म्हटली तर खिशाला कात्री लागून प्रयोग चौथ्या दिवशीच बंद पडेल. नोरी, राइस व्हिनेगर आणि बांबूची चटई वाशी-सीवूड्सच्या किंवा ठाण्याच्या मोठ्या सुपरमार्केटमध्ये मिळते, ॲपवरून घरपोचही येते. एकदा आणलं की दोन आठवडे पुरतं.

जपानी आखूड दाण्याचा तांदूळ मिळाला तर उत्तम, पण महाग असतो. आपला इंद्रायणी चालतो, कारण तो मुळातच चिकट. आंबेमोहोरही चालेल, फक्त त्याचा वास व्हिनेगरशी भांडतो असं मला वाटतं. कोलम आणि बासमती मात्र नको, तुकडा उचलला की सगळं ताटात सांडतं.

दीडशे ग्रॅम तांदूळ घ्या. पाणी नितळ निघेपर्यंत चार-पाच वेळा धुवा आणि अर्धा तास भिजवा. पाणी सव्वापट ते दीडपट. तांदूळ नवा असेल तर सव्वापटच. कुकरच्या शिट्ट्यांत याचा गिजगोळा होतो, तेव्हा जाड बुडाच्या पातेल्यात शिजवा: उकळी आली की आच अगदी बारीक, घट्ट झाकण, बारा-तेरा मिनिटं, मग गॅस बंद करून आणखी दहा मिनिटं तसंच. झाकण उघडून बघायचा मोह आवरायचा. एवढ्या तांदळाचा सव्वातीनशे-साडेतीनशे ग्रॅम भात होतो.

भात होईपर्यंत दोन मोठे चमचे राइस व्हिनेगर, अर्धा छोटा चमचा मीठ आणि साखर कोमट करून विरघळवा. जपानी पद्धतीत एवढ्या भाताला साखर एक मोठा चमचा पडते. डाएट म्हणून करताय तर निम्मी घाला, चव फार बिघडत नाही. किराणा दुकानातलं पांढरं सिंथेटिक व्हिनेगर वापरणार असाल तर ते जास्त झोंबतं, थोडं कमी घ्या. गरम भात परातीत पसरा, वरून हे पाणी शिंपडा आणि उलथन्याने चिरल्यासारखं करत मिसळा. ढवळायचं नाही, दाणे मोडतात. दुसऱ्या हाताने वर्तमानपत्राने वारा घाला. दोन-तीन मिनिटांत दाण्यांवर चकाकी येते आणि वाफेतला व्हिनेगरचा झणका कमी होतो. मग ओलं फडकं झाकून ठेवा. फ्रीजमध्ये अजिबात नको, भात खडखडीत होतो. साधा शिजवलेला भात तासन् तास बाहेर राहिला तर त्यात जंतू वाढतात. व्हिनेगरचा आंबटपणा त्यांना बराच रोखून धरतो, म्हणून व्हिनेगर मनाला येईल तसं कमी करू नका.

आता वजनकाटा काढा. एका रोलला ११० ग्रॅम भात. त्याचा गोळा करून ठेवा आणि जास्त एक दाणाही नको. शिजलेल्या पांढऱ्या भातात १०० ग्रॅमला साधारण १३० कॅलरी असतात, म्हणजे दोन रोल खाल्लेत तरी भाताच्या तीनशेच्या आतच राहाल. तेवढाच भात एकदा ताटात मुदीसारखा घालून बघा, म्हणजे रोज आपण किती घेत होतो ते कळेल.

गुंडाळणं

चटईला क्लिंग फिल्म लावून घ्या, नाहीतर काड्यांमध्ये अडकलेला भात काढता काढता जीव जातो. नोरीची चकाकती बाजू खाली. वाटीत पाणी आणि त्यात थोडं व्हिनेगर, बोटं त्यात बुडवून मगच भाताला हात लावायचा. लाडू वळताना तूप लावतो तसंच. भात पसरताना वरच्या कडेला बोटभर जागा सोडा. नवीन माणूस इथे भात हमखास दुप्पट घालतो. खूण लक्षात ठेवा: थरातून नोरीचा काळा रंग मधूनमधून दिसला पाहिजे. भात पांढराशुभ्र, गादीसारखा दिसायला लागला की जास्त झाला.

भरायचं ते करंगळीएवढ्या जाडीचं, एका रेषेत. चटई उचलून जवळची कड भरलेल्या भागापलीकडे टेकवा, बोटांनी आतलं आत धरून ठेवा, किंचित खेचा आणि पुढे लोटा. सोडलेल्या पट्टीला पाण्याचं बोट लावून चिकटवा. सुरी ओल्या फडक्याने पुसत पुसत आधी मधोमध कापा, मग प्रत्येक अर्ध्याचे तीन किंवा चार. पहिले दोन रोल वाकडे होणारच, ते स्वयंपाकघरातच खाऊन टाकावेत.

एक अडचण खास आपल्याकडची. इथल्या दमट हवेत नोरीचं पाकीट उघडं राहिलं की तासाभरात ती वातड होते. उरलेल्या नोरी डब्यात, पाकिटातल्या सिलिका जेलच्या पुडीसकट बंद ठेवा आणि वापरायच्या आधी गॅसच्या बारीक आचेवरून झटक्यात फिरवा. पापड भाजायचा हात असेल तर जमेल.

आत काय

बेलापूरजवळच्या दिवाळे गावातल्या मासळी बाजारात जाऊन कोळीण मावशीला विचारून बघा, "कच्चा खायला कुठला मासा चांगला?" उत्तर ठरलेलं आहे: "शिजवूनच खा गो बाय." ती बरोबर सांगते. बाजारातली मासळी कितीही ताजी, डोळे चमकदार आणि कल्ले लालभडक असले तरी ती शिजवून खायची म्हणून आलेली असते. कच्च्या माशातले कृमी मारायला तो उणे २० अंशांवर सात दिवस, किंवा उणे ३५ अंशांवर गोठवून १५ तास ठेवावा लागतो. घरचा फ्रीजर साधारण उणे १८ वर चालतो. शिवाय गोठवल्याने कृमी मरतात, जंतू नव्हे. लिंबू पिळलं, व्हिनेगरमध्ये मुरवलं, वसाबी (सुशीबरोबरची हिरवी झणझणीत चटणी) लावली म्हणजे मासा निर्धोक झाला, हाही गैरसमज. रोहू-कटल्यासारखा गोड्या पाण्यातला मासा तर कधीच कच्चा खायचा नाही, त्यातून यकृतातले कृमी होऊ शकतात.

बाजारात कुपा दिसला आणि हाच ट्यूना हे कळलं की काही जणांचे डोळे लकाकतात. मासा तोच असला तरी तो कसा ठेवला गेला यावर सगळं आहे. कुपा, बांगडा, सुरमई नीट थंड राहिले नाहीत तर त्यांच्यात हिस्टामीन तयार होतं आणि ते शिजवूनही जात नाही. खाल्ल्यावर तासाभरात तोंड लाल, अंगावर चट्टे आणि डोकेदुखी, असा त्रास होतो. मेनूवरच्या 'इंडियन सॅमन'चंही तेच. तो आपला रावस, नॉर्वेच्या सॅमनशी त्याचं नातं नाही. रावस तव्यावरच शोभतो.

म्हणून घरच्या सुशीत सगळं शिजवलेलं. सगळ्यात भरवशाची कोळंबी. साफ करून, धागा काढून, पोटाच्या बाजूने शेपटीपासून डोक्याकडे टूथपिक खुपसा आणि मग मिठाच्या उकळत्या पाण्यात टाका. दोन-तीन मिनिटांत गुलाबी आणि आतून पांढरी होते. लगेच बर्फाच्या पाण्यात काढा, टूथपिक फिरवून ओढा, कोळंबी सरळ राहते आणि रोलमध्ये नीट बसते. टूथपिक नसेल तर ती आकडा होऊन नोरी फाडते. बांगडा मीठ लावून भाजा, काटे चिमट्याने काढा, वर आल्याचा कीस. माकूल (स्क्विड) जेमतेम मिनिटभर उकडायचं, जास्त झालं की रबर. अंड्याचं पातळ ऑम्लेट गुंडाळून पट्ट्या कापल्या की शाकाहारी नसलेल्या घरात रोजचा प्रश्न सुटतो. काकडीच्या बिया काढून घ्या, नाहीतर पाणी सुटून भात ओला होतो.

प्रथिनांचा हिशेब मात्र ठेवा. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) शिफारशीप्रमाणे किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम लागतात, म्हणजे साठ किलोच्या माणसाला पन्नासच्या आसपास. एका रोलमध्ये पन्नास ग्रॅम कोळंबी गेली तर दहा-बारा ग्रॅम मिळतात. नुसत्या काकडी-अव्होकाडोच्या रोलमध्ये जवळजवळ काहीच नाही. तेव्हा सोबत उकडलेलं अंडं, टोफू किंवा वाटीभर मोडाची उसळ घ्या. सुशीबरोबर मटकी बघून कोणी हसलं तर हसू दे.

बाटलीतलं मीठ

सुशी हलकी म्हणता म्हणता माणूस मीठ किती खातो याचा पत्ता लागत नाही. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात ९०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असतं. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला २००० मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे पाच ग्रॅम मीठ, ही मर्यादा सांगितली आहे. भातात मीठ आहेच, मिसो सूप (आंबवलेल्या सोयाबीनचं सूप) घेतलं की आणखी. संध्याकाळी लोणचं-पापड झाले की संपलंच. वाटीत सॉस ओतून तुकडा भातासकट बुडवला की भात तो स्पंजासारखा शोषतो. तुकडा उलटा करून टॉपिंगची कड टेकवा, किंवा छोटा चमचाभर सॉस वाटीत घ्या आणि बाटली कपाटात परत ठेवा.

पहिल्या चार दिवसांत वजन अर्धा किलो वर गेलं तर घाबरू नका, मिठाने धरलेलं ते पाणी असतं. त्याच न्यायाने नंतर झटकन उतरलं म्हणून पेढेही वाटू नका.

बाहेर खायची असेल तेव्हा

आठवड्यातून एकदा बाहेर, कच्चं खायची हौस तेव्हाच भागवा आणि तिथे बसूनच खा. कच्च्या माशाची पार्सल घोडबंदर रोडवर माजिवड्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकून यावी, हे काही पोटाला मानवणारं नाही. थंड ठेवायचा पदार्थ बाहेर दोन तासांपेक्षा जास्त नको, आणि आपल्या मे महिन्यासारखा पारा ३२ च्या वर असेल तर एका तासापेक्षा जास्त नको.

ज्या ठिकाणी गर्दी असते आणि माल खपतो, तिथे जा. वेटरला सरळ विचारा: सॅमन फार्मचा आहे का, गोठवून आलाय का, आज कधी काढला. चांगल्या ठिकाणी या प्रश्नाचा राग येत नाही. बिलावर एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक असतो, तोही बघा. क्रॅब स्टिकमध्ये बहुधा खेकडा नसतो, पांढऱ्या माशाचा लगदा आणि स्टार्च असतो. शाकाहारी मंडळींनी मिसो सूपबद्दल विचारावं, कारण त्याच्या पाण्यात पारंपरिक पद्धतीने सुक्या माशाचा अर्क असतो. हिरवी वसाबी म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा हॉर्सरॅडिश, मोहरी आणि रंग.

टेम्पुरा (पिठात घोळून तळलेली कोळंबी किंवा भाजी), स्पायसी मेयो, क्रीम चीज आणि वरून गोड सॉस असा रोल असेल तर प्रयोगाचं गणितच बदलतं. साधा आठ तुकड्यांचा रोल अडीचशे-तीनशे कॅलरींच्या आसपास, तर तळणीचा-मेयोचा पाचशेपर्यंत सहज जातो. खायचा तर खा, वहीत तसा लिहा. ट्यूना मात्र रोजचा नको, मोठ्या शिकारी माशांत पारा साठलेला असतो.

डबा

ट्रान्स-हार्बर लोकलने ठाण्याहून वाशीला जाणाऱ्यांसाठी: डब्यात फक्त शिजवलेलं किंवा भाजीचं, मेयोनीज नाही, कच्चं तर नाहीच. सकाळी सातला केलेला रोल एकपर्यंत न्यायचा तर आइस पॅकच्या पिशवीत ठेवा आणि खायच्या आधी पंधरा-वीस मिनिटं बाहेर काढा, म्हणजे भात मऊ पडतो. नोरी ओली होऊन चिवट होते. त्यावर उपाय म्हणजे भात आणि सारण डब्यात, नोरी वेगळ्या पिशवीत, आणि ऑफिसात हातावर द्रोणासारखी गुंडाळून खायची. जपानी लोकही हा प्रकार करतात, त्याला तेमाकी म्हणतात. यात चटईही लागत नाही. ज्यांना गुंडाळणं जमत नाही त्यांनी दोन्ही आठवडे तेमाकीवर काढले तरी बिघडत नाही, फक्त भात मोजलेला हवा.

वही वाचताना

चार आठवडे झाले की रोजच्या वजनाकडे न बघता प्रत्येक आठवड्याची सरासरी काढा आणि चार आकडे शेजारी मांडा. पहिल्या आणि तिसऱ्या आठवड्यात फरक दिसला, आणि चौथ्यात तो पुन्हा पुसला गेला, तर कारण जेवणातच होतं असं धरायला जागा आहे. वजन तेवढंच राहिलं पण चारची भूक चारवरून दोनवर आली असेल, तर तेही काही कमी नाही.

मग आणखी एक आठवडा काढता आला तर काढा: सुशी बंद, नेहमीचा आमटी-भात आणि माशाचं कालवण, पण भात काट्यावर मोजून २२० ग्रॅम, म्हणजे दोन रोलमधला तेवढाच. आकडे सुशीच्या आठवड्यांसारखेच आले तर नोरीचा खर्च वाचला. नाही आले, आणि सुशीतच बरं वाटत होतं, तर दुपारची भूक की जेवणानंतरची सुस्ती, नेमका फरक कशात पडला ते वहीत शोधा.

मधल्या काळात कच्चं खाल्ल्यावर काही तासांत पोटात जोराची कळ आली, उलट्या थांबत नाहीत किंवा ताप चढला, तर घरगुती काढ्यात वेळ घालवू नका. डॉक्टरांकडे जा आणि कधी, कुठला मासा, कच्चा की शिजवलेला, हे आपणहून सांगा.